सावकाश वाजव

भाद्रपदातलं ऊन सुरू झालं की माझं जेवण तुटतं. डॉक्टर म्हणतात, वयोमानानं पचन मंदावलंय, हलकं खात जा. मी मान हलवतो. हे पचनाचं नाही, ओल्या शेंगांच्या वासाचं आहे, हे त्यांना कसं सांगणार? सांगलीच्या बाजारात भुईमुगाचे ढीग लागले, शेंगांना चिकटलेली काळी माती वाळून पोत्यावर पडायला लागली, की कुणीतरी गर्दीतून येऊन मला ‘चल’ म्हणेल असं वाटत राहतं. सहा दशकं होत आली. अजूनही रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की मी आधी दाराकडे बघतो आणि मग स्वतःलाच हसतो.

यंदा त्यात वरच्या मजल्यावरच्या केतकीची भर पडली आहे. पोरगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि रोज संध्याकाळी गिटार वाजवते. मोबाइलवर टिकटिक लावते आणि तिच्याबरोबर बोटं पळवते. दर दोन दिवसांनी टिकटिक थोडी वाढवते. परवा जिन्यात भेटली तेव्हा चेहरा फुललेला होता. म्हणाली, “काका, एकशे साठला गेले!”

“कुठं?” मी विचारलं. मला वाटलं, ही स्कूटर कुठंतरी हाणून आली.

“स्पीड हो काका. गिटारचा.”

मी छान म्हणालो. छानच होतं ते. पण घरात येऊन बसलो तर वरून तेच सूर सरसर खाली येत राहिले आणि मी हातातला पेपर मिटून ठेवला. कारण एके काळी ह्याच गावात मला लोक ‘मेल’ म्हणायचे. मेलगाडीतला मेल. माझ्याइतकी जलद गिटार तेव्हा सांगलीत कुणी वाजवत नव्हतं. वाजवणारे मिळून तीनच होतो, हे सांगायला हरकत नाही.

रहिमतपुरापासून दोन कोसांवर आमचं गाव. थोडा ऊस, बाकी जोंधळा आणि भुईमूग. आमच्या गल्लीत दर घरातला एक तरी पोरगा पलटणीत असायचाच. आमच्या घरातून दादा गेला होता, तोफखान्यात. पासष्टच्या वैशाखात तो रजेवर आला तेव्हा ट्रंकेबरोबर एक लांबडी लाकडी पेटी होती. आईला वाटलं बंदूकच आणली. पेटीतून निघाली गिटार. पलटणीच्या बँडमधला कुणी म्हातारा वादक निवृत्त होताना दादाला देऊन गेला होता, आणि वाजवायचं कसं तेही शिकवून गेला होता. ही उभी धरायची गिटार नव्हे. ती मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली लोखंडी पट्टी तारांवरून सरकवायची. ती पट्टी मागेपुढे जाताना बघून शेजारचे आण्णा म्हणाले, “ही इस्त्री कवा शिकलास रं?” तेव्हापासून गल्लीत त्या वाद्याचं नाव इस्त्रीची पेटी पडलं.

दादा एकच चाल मनापासून वाजवायचा. आई पहाटे जात्यावर म्हणायची त्या ओवीची. मला ती ऐकवत नसे. मला सिनेमातली नाचाची गाणी हवी असायची. मी दोन आठवड्यांत पट्टी धरायला शिकलो आणि तिसऱ्या आठवड्यात दादाच्या पुढे गेलो, म्हणजे वेगात गेलो. तो हसत ऐकायचा. मग म्हणायचा, “बाळ्या, पळतूस झ्याक. आता जरा चालून दाव.”

चालणं मला जमत नव्हतं. ओवीचा पहिला सूर लावायचा, तो विरत जाईपर्यंत थांबायचं, मग पट्टी न उचलता हळूहळू पुढच्या सुरापर्यंत न्यायची. एवढंच. पण माझी पट्टी मधेच थरथरायची, नाहीतर घाईनं पुढं जाऊन थांबायची. दादा माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणायचा, “सूर समदेच गाठत्यात. मधल्या वाटंनं सावकाश जायचं. लय दम लागतूय त्याला.” रजा संपली. त्याच्या पलटणीला कुठं जायचं होतं ते त्यालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं गिटार माझ्याकडे ठेवली. एस.टी.च्या खिडकीतून म्हणाला, “मी येस्तवर ती ओवी बसीव.”

वैनी तेव्हा आईच्या मागं उभी होती. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. तिचं माहेर कवठे महांकाळकडचं, जिथं पाणीसुद्धा मोजून वापरतात, आणि ती बोलायचीही तशीच. दादाला निघताना ती एवढंच म्हणाली, “पत्र घाला.”

जूनपासून मी सांगलीला कॉलेजात होतो आणि एका खोलीत तिघं राहत होतो. अभ्यासापेक्षा जास्त वेळ मी मास्तरांकडे असायचो. मास्तर दिवसा शिवणयंत्रं दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा चालवायचे. स्वतः अकॉर्डियन वाजवायचे. त्यांच्या दुकानात पायानं चालवायच्या यंत्रांचा खडखडाट चाले आणि त्यावरच आमची तालीम. “पब्लिकला दम घेऊ द्यायचा नाही,” हे त्यांचं ब्रीद. “माणूस दम घ्यायला थांबला की त्याला घर आठवतं आणि तो उठून जातो.” मला ते फार पटलं. त्यांनीच मला मेल हे नाव दिलं.

श्रावणात दादाची पत्रं थांबली. सीमेवर काहीतरी चाललंय हे पेपरात यायला लागलं. मी शनिवारी घरी गेलो की आई पहिला प्रश्न विचारायची, “पेपरात काय हाय?” जसं काही मी पेपरातलं चांगलं तेवढं निवडून आणलं असतं. टपालवाला गल्लीत शिरला की प्रत्येक दारात एक बाई यायची आणि तो पुढं गेला की आत जायची. कुणी त्याला काही विचारायचं नाही. त्याचं बिचाऱ्याचं तोंड बघवत नसे. पत्र नसलं की तो सायकलची घंटी न वाजवता जायला लागला, मग बाया घंटी न वाजण्याचीही भीती धरायला लागल्या. आईनं औंधच्या यमाईला नवस बोलला, अनवाणी येईन म्हणून, आणि नवस फेडायच्या आधीच चपला घालणं सोडलं.

त्याच महिन्यात आमच्या गल्लीच्या टोकाला एका घरी तार आली होती. घरात वाचणारं कुणी नव्हतं म्हणून शिपायानं ती चावडीवर नेली, शाळेच्या गुरुजींनी वाचली, आणि पोरगा गेल्याचं त्याच्या आईच्या आधी सगळ्या गावाला कळलं. ती बाई रानातून गवताचं ओझं घेऊन येत होती आणि लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून तिच्याकडे बघत होते. तेव्हापासून गल्लीतल्या बायांनी आपसात ठरवून टाकलं होतं की तार घरच्याच माणसानं फोडायची, मग कितीही वेळ लागो. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा घरचा माणूस म्हणजे मी.

त्या दिवसांत मी ओवीला हात लावत नव्हतो. एकदा खोलीवर प्रयत्न केला. पहिला सूर लावला, तो विरायला लागला, आणि त्या रिकाम्या जागेत दादा येऊन बसला. कुठं असेल, जेवला असेल का, असेल ना. मी पट्टी उचलली आणि नाचाचं गाणं धरलं. जलद वाजवताना बरं असायचं. एक सूर संपायच्या आत दुसरा, दुसऱ्याच्या आत तिसरा, मधे चिंतेला पाय टेकायला जागाच नाही. लोक म्हणायचे, काय तयारी आहे पोराची! मी तयार नव्हतो, मी पळत होतो. पण टाळ्या वाजवणाऱ्याला ते कसं दिसावं? मला तरी कुठं दिसत होतं?

विसर्जनाच्या आदल्या दिवशी एका मंडळापुढं आमचा कार्यक्रम होता. लढाई उघड पेटली होती आणि अंधार पडल्यावर दिवे लावायला बंदी, म्हणून कार्यक्रम भर दुपारी ठेवला होता. मंडपात उकाडा, गुलालाचा आणि माणसांचा वास. पुढची पाळी माझीच होती. मी तारा पुसत होतो आणि पडद्याच्या बाजूनं आण्णा आत आले. शेजारचे आण्णा, इस्त्री म्हणणारे. गुडघ्यापर्यंत धूळ, फेटा हातात.

“तार आलीया,” ते म्हणाले.

मी विचारलं, “काय लिवलंय?”

“कुनाला ठावं. सकाळच्याला आली. तुज्या आयनं देवापुढं ठिवलीया, कुनाला हात लावू दीना. गुरुजी आलं हुतं, त्यास्नी बी माघारी धाडलं. म्हनती, बाळू फोडंल. चल, चारची गाडी घावंल.”

मंडपाच्या खांबाला घड्याळ टांगलेलं होतं. तीन वाजून वीस मिनिटं. स्टेशनला टांग्यानं फार तर वीस मिनिटं. मी हे सगळं स्वच्छ पाहिलं, मनात हिशेब केला आणि म्हणालो, “आण्णा, एवढं एक वाजवतो. पाच मिन्टं.”

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं, हे नोकरीसारखं काही आहे, टाकून निघता येत नसेल. “वाजीव गड्या,” म्हणाले. “काम हाय तुजं.” आणि पडद्यामागं उकिडवे बसले.

मी वाजवलं. आयुष्यात तेवढं जलद पुन्हा कधी वाजवलं नाही. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. वन्स मोअर झाला. मास्तरांनी डोळ्यांनी विचारलं, मी मान डोलावली. दुसऱ्यांदा वाजवलं, तेही पुरं झालं, आणि कुणीतरी तिसऱ्या गाण्याचं नाव ओरडलं. मी त्याच्याकडे न बघता सुरू केलं. घड्याळ समोर होतं. मला सगळं दिसत होतं, हे लिहून ठेवलं पाहिजे. मी भान हरपून वाजवत नव्हतो. जोवर मी मंडपातून निघत नाही तोवर तार फुटणार नाही, आणि तार फुटत नाही तोवर दादा जिवंत आहे, एवढंच मला कळत होतं. खाली उतरलो तेव्हा चारला पाच मिनिटं होती. मास्तर माझी पाठ थोपटत होते. आण्णा उठून फेटा बांधत म्हणाले, “आता सकाळचीच गाडी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. गल्लीतल्या बाया ओसरीवर होत्या. आईनं देव्हाऱ्यातून सुपारीखाली ठेवलेली तार काढली आणि माझ्या हातात दिली. तिच्या हाताला हळदीकुंकू लागलं होतं आणि ते कागदालाही लागलं. मी फोडली. दादा जखमी आहे, लष्करी इस्पितळात आहे, जिवाला धोका नाही, असं लिहिलं होतं. मी ओरडलो, “जिता हाय!” आई जिथं उभी होती तिथंच खाली बसली आणि जमिनीला हात लावून कपाळाला लावत राहिली. बाया रडायला लागल्या, त्या आनंदानं, आणि काही आपापल्या घरच्या भीतीनंही.

वैनी रडली नाही. तिचे डोळे आधीच सुजलेले होते. तिनं मला पाणी दिलं आणि विचारलं, “कालची चारची गाडी चुकली का भावजी?”

“व्हय,” मी म्हणालो. “टांगा मिळाला न्हाई.”

आण्णा दारात उभे होते. ते चपला शोधायला खाली वाकले.

एक संध्याकाळ आणि एक रात्र. कागदावर चांगली बातमी होती, ती देवापुढं बंद पडून राहिली, आणि दोन बायका तिच्यापुढं बसून त्या काळात किती वेळा काय काय बघून आल्या असतील, हे मी आजवर पुरतं मनात आणू शकलेलो नाही. बातमी वाईट असती तर कदाचित माझ्याकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं. ती चांगली निघाली म्हणूनच माझा गुन्हा उघडा राहिला. आईनं माझी दृष्ट काढून मला जेवायला वाढलं. ओल्या शेंगा उकडलेल्या होत्या. मी त्या सोलून नुसत्या ताटाच्या कडेला ठेवत गेलो.

परवा केतकीची आई साखर मागायला आली तेव्हा म्हणाली, पोरीच्या नोकरीच्या मुलाखती चालू आहेत, दोन ठिकाणी नाव आलं नाही, जेवत नाही धड, नुसती गिटार बडवत असते. मग मला एकशे साठचा अर्थ लागला. वेगाला नावं ठेवणारा मी कोण? काही गाणी जन्मतःच पळणारी असतात आणि ती पळवलीच पाहिजेत, नाहीतर वरात मांडवातच बसून राहील. पण वरून सूर धावत येतात तेव्हा मी आता बोटं ऐकत नाही. कोण कशापासून पळतंय, ते ऐकत बसतो.

दादा त्या वर्षी दिवाळीनंतर घरी आला. हात धड, पाय धड, छातीवर एक व्रण. आईनं त्याला उंबऱ्यातच कुरवाळलं आणि विचारलं, “लय दुखतंय का रं?” त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हसून म्हणाला, “मी बरा हाय.” फार मोठ्यानं म्हणाला, रानात हाक मारावी तसं. तिनं परत काही विचारलं, त्यानं परत तेच उत्तर दिलं. तेव्हा आमच्या लक्षात आलं. तोफेजवळच गोळा फुटला होता. दोन्ही कान गेले होते. इस्पितळातून धाडलेल्या पत्रात त्यानं हे कळवलंच नव्हतं.

घरात पाटी आली. वैनी चौथी शिकलेली, ती पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायची, ‘भाकरी?’ आणि दादा मान हलवायचा. मी गिटार माळ्यावर टाकली होती. बहिऱ्या माणसापुढं ती काढायची कशी? पण एका दुपारी त्यानंच काढली, फडक्यानं पुसली, माझ्या मांडीवर ठेवली आणि समोर बसला. वैनी दारात सुपात शेंगा फोडत होती. दादानं आपला उजवा तळहात गिटारीच्या लाकडावर पालथा ठेवला आणि म्हणाला, “वाजीव.”

मला काय सुचावं? मी घाबरलो आणि जे हाताला येत होतं ते सुरू केलं, मेलगाडी. दादानं डोळे मिटले होते. थोड्या वेळानं त्यानं मान हलवली.

“नुसत्या मुंग्या येत्यात रं हाताला,” तो म्हणाला. “काय कळंना. सावकाश वाजीव.”

मी ओवी धरली. पहिला सूर लावला आणि थांबलो. दादाच्या बोटांत काहीतरी हललं. मी पट्टी पुढं नेली, थरथरतच नेली, पण उचलली नाही. “हां,” तो म्हणाला. “आता वर चाललास.” मी खाली आलो. “आता आलास.” सूर संपूर्ण विरेपर्यंत त्याचा हात तिथं वाट बघायचा, आणि तो विरल्याशिवाय मला पुढं जाता येत नव्हतं. त्या थांबण्यात जे जे मी मंडपात मागं टाकून पळालो होतो ते सगळं एकेक करून येऊन बसलं. माझे डोळे वाहायला लागले. त्यानं मिटलेले डोळे उघडले नाहीत, म्हणून मी बोललो. त्याला ऐकू जाणार नाही हे माहीत होतं, म्हणूनच बोललो.

“दादा, गाडी चुकली न्हवती. टांगा बी हुता. मला तार फोडायची न्हवती. मी तीन गाणी वाजवत बसलो आन् आईला, वैनीला रात्रभर…”

पट्टी थांबली. दारात शेंगा फुटायचा आवाजही थांबला होता, आणि वैनी तिथं आहे हे मला तेव्हा आठवलं. मी वर बघितलं नाही. सूप जमिनीवर ठेवल्याचं ऐकू आलं.

“ठावं हाय मला,” वैनी म्हणाली. “आण्णांनी तवाच सांगितलं हुतं.”

दादाचे डोळे मिटलेले होते, तळहात लाकडावर होता, बोटं जरा पसरलेली.

“वाजवा भावजी,” ती म्हणाली. “त्यांनी हात काढला न्हाई अजून.”

मी डोळे पुसले आणि पट्टी पुन्हा पहिल्या सुरावर ठेवली.